जायफळ : बांदा बेटांपासून आपल्या आगरापर्यंत



जायफळावर कार्यक्रम झाला की पत्रे येतात. कलमे कुठे मिळतील, नर झाडे निघाली तर काय करायचे, पावसात जायपत्री वाळवायची कशी, असे प्रश्न त्यांत असतात. त्यांची उत्तरे या पत्रिकेच्या शेवटी दिली आहेत. पण त्याआधी या झाडाचा इतिहास सांगायचा आहे. त्याला कारण गेल्या पावसाळ्यात घडलेली एक गोष्ट.

दक्षिण कोकणातल्या एका गावात माझ्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. वय साठीच्या पुढे. नारळाच्या आगरात त्यांची जायफळाची आठ-दहा झाडे आहेत. त्यांना रात्रीची झोप येईना. जायफळ दुधातून घेतले की झोप लागते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. काकांनी एका संध्याकाळी अख्खे जायफळ किसून दुधातून घेतले. दोन तास झाले तरी काही वाटेना, म्हणून आणखी अर्धे घेतले. मध्यरात्री तोंडाला कोरड पडली, छाती धडधडू लागली, उठून उभे राहवेना. दारात आपला वारलेला भाऊ उभा आहे, असे ते घरच्यांना सांगू लागले. पहाटे त्यांना दवाखान्यात नेले. पूर्ण शुद्धीवर यायला दीड दिवस लागला.

मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, झाड माझ्या घरचं. फवारणी नाही, रासायनिक खत नाही. घरच्या फळाचं विष कसं झालं?"

काकांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे लांब जावे लागते.

मूळ गाव

जायफळाचे मूळ गाव बांदा. आता बांदा म्हटले की सावंतवाडीजवळचा बांदा तुमच्या डोळ्यांपुढे येईल. तो नव्हे बरं का! हा बांदा म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्व भागातला लहान लहान ज्वालामुखी बेटांचा एक पुंजका. नकाशात शोधायला भिंग घ्यावे लागेल, एवढी ती बेटे लहान. पण कित्येक शतके साऱ्या जगाला जायफळ आणि जायपत्री पुरवली ती याच बेटांनी.

आपल्या देशात जायफळ फार जुन्या काळापासून येत होते. संस्कृतात त्याला जातीफल आणि जायपत्रीला जातीपत्री म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तोंडाची दुर्गंधी घालवण्यासाठी, पचनासाठी आणि जुलाब थांबवण्यासाठी ते सांगितले आहे. जातीफलादि चूर्णात जायफळाच्या जोडीला भांगही असते. म्हणजे हे फळ केवळ वासाचे नाही, अंगाला आणि मनाला सुस्तावणारे आहे, याची जाण वैद्यांना होती. आपल्या त्रयोदशगुणी विड्यातही जायफळ आणि जायपत्री दोन्ही असतात.

या मालाची वाट मलाक्का बंदरावरून होती. बांद्याचे लोक जायफळ देत आणि त्याच्या बदल्यात तांदूळ आणि हिंदुस्थानातले सुती कापड घेत. तोमे पिरेश नावाचा एक पोर्तुगीज अधिकारी १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात होता. तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची यादी त्याने लिहून ठेवली आहे. त्या यादीत गुजराती आहेत, अरब आहेत आणि आपले चौल, दाभोळ आणि गोवा इथले लोकही आहेत. दाभोळच्या खाडीत आज मासेमारीच्या होड्या दिसतात, पण तेव्हा इथली माणसे जायफळाच्या बाजारापर्यंत जात होती.

फळापायी रक्त सांडले

युरोपात जायफळाला फार मोठी किंमत मिळे. मधल्या व्यापाऱ्यांना टाळून थेट झाडापर्यंत पोचायचे, म्हणून पोर्तुगीज निघाले. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतले आणि १५१२ मध्ये त्यांची जहाजे बांदा बेटांना लागली. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. त्यात जायफळ आणि जायपत्रीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

पोर्तुगीजांच्या मागोमाग डच आले. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ सालची. तिला सगळे जायफळ आपल्यालाच हवे होते, आणि तेही आपण ठरवू त्या भावाने. बांद्याचे बागायतदार मात्र जो बरा भाव देईल त्याला माल विकत. तुम्ही-आम्ही तरी दुसरे काय केले असते? १६२१ साली डच गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून मोठे आरमार घेऊन बेटांवर उतरला. गावचे ४४ म्हातारे-जाणते प्रमुख पकडून त्यांची डोकी उडवण्यात आली. गावे जाळली. कित्येक लोक डोंगरात उपासमारीने मेले, शेकडोंना गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला नेले. बेटांची लोकसंख्या त्या आधी सुमारे १५,००० होती, ती हजाराच्या आसपास उरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

मग कंपनीने सगळ्या बागांचे ६८ तुकडे पाडले आणि ते आपल्या माणसांना वाटले. मजुरीला बाहेरून गुलाम आणले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ती झाडे सांभाळली, त्यांच्या हातात एक झाडही राहिले नाही. श्रीखंडात जायफळ किसताना ही गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. पण ज्याच्या हातात पीक आहे आणि बाजार दुसऱ्याच्या हातात आहे, अशा प्रत्येक शेतकऱ्याने ती लक्षात ठेवावी.

तिथलेच रुन नावाचे एक चिमुकले बेट इंग्रजांनी आपले म्हणून सांगितले होते. १६६७ साली ब्रेडा इथे तह झाला. रुन डचांकडे राहिले आणि अमेरिकेतले मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिले. न्यूयॉर्क शहराचा गाभा आज तिथेच उभा आहे. जायफळाच्या एका बेटाची बरोबरी तेव्हा त्याच्याशी झाली होती.

चुन्यात बुडवलेले बी

डच व्यापारी जायफळ चुन्याच्या निवळीत बुडवून परदेशी पाठवत. कोणी ते पेरून झाड करू नये, असा त्यात हेतू होता असे सांगतात. किडीपासूनही चुन्याने राखण होई. पण तुम्हाला मी कृषी शाखेचा माणूस म्हणून सांगतो, चुना लावला नसता तरी ते उगवले नसते. जायफळाचे बी ताजे असतानाच रुजते. आठ-दहा दिवसांत ते कोरडे पडले की त्यातला जीव जातो. वाण्याकडचे जायफळ कुंडीत लावून कोंबाची वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. ते कधीच उगवणार नाही!

म्हणून ज्यांनी ही मक्तेदारी मोडली, त्यांना ताजे बी किंवा जिवंत रोपे पळवावी लागली. पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाच्या खटपटीने १७७० साली रोपे मॉरिशसला पोचली. १७९६ मध्ये इंग्रजांनी बांदा बेटे काही काळ ताब्यात घेतली आणि तिथून हजारो रोपे पेनांग आणि इतर ठिकाणी नेली. १८४३ च्या सुमारास जायफळ वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर गेले आणि तिथे असे रुजले की त्या देशाच्या झेंड्यावर आज जायफळाचे चित्र आहे.

इंग्रजांच्याच काळात दक्षिण भारतात लागवड सुरू झाली. आज आपल्या देशातले बहुतेक जायफळ केरळात होते. त्याखालोखाल कर्नाटक, तमिळनाडू, गोवा आणि आपले कोकण यांचा उल्लेख करावा लागेल.

फळाच्या पोटात काय आहे?

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. जायफळाचे फळ पिकले की पिवळे होऊन उकलते. आत काळपट तपकिरी कवचाचे बी आणि त्याच्याभोवती लालभडक जाळी असते. जाळी म्हणजे जायपत्री. कवच फोडले की आतला गर म्हणजे आपले जायफळ.

या गरात २५ ते ४० टक्के घट्ट चरबी असते. १८४१ साली लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने ती वेगळी काढली. तिच्यातल्या आम्लाला मिरिस्टिक आम्ल हे नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरूनच मिळाले. मिरिस्टिका फ्रॅग्रन्स हे ते शास्त्रीय नाव. उरलेल्या गरात बराचसा स्टार्च असतो, आणि ५ ते १५ टक्के उडून जाणारे सुगंधी तेल असते. सगळी करामत या तेलाची.

तेलातला मोठा भाग केवळ वासाचा आहे. पण त्यात थोड्या प्रमाणात मिरिस्टिसिन, एलेमिसिन आणि सॅफ्रोल अशी तीन द्रव्ये असतात. झाडाने ती माणसासाठी केलेली नाहीत. मिरिस्टिसिन किड्यांना मारक आहे, म्हणजे झाडाच्या दृष्टीने ती घरचीच फवारणी म्हणा ना! गाजरासारख्या पिकातही ते अगदी अल्प असते. पण माणसाच्या पोटात ते जास्त गेले की मेंदूवर परिणाम होतो. ते आपल्या शरीरात नेमके कोणत्या रूपात काम करते, यावर १९६० च्या दशकापासून शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. परिणाम मात्र शेकडो वर्षांपासून नोंदलेला आहे. एका गरोदर इंग्रज बाईने दहा-बारा जायफळे खाल्ली आणि ती भ्रमिष्टासारखी झाली, अशी नोंद १५७६ साली एका युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञाने केली. यान पुर्किन्ये या नामांकित शास्त्रज्ञाने १८२९ साली स्वतः तीन जायफळे खाऊन पाहिली. चालता चालता त्याला स्वप्ने पडू लागली आणि रस्ता व स्वप्न यांचा मेळ घालणे कठीण झाले, असे त्याने लिहिले आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात धरण्याजोग्या आहेत. पहिली, सुमारे ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त पूड पोटात गेली की विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. एका मध्यम जायफळाचे वजनच ५ ग्रॅमच्या आसपास असते. दुसरी, परिणाम लगेच होत नाही. तो सुरू व्हायला तीन ते सहा तास लागतात आणि मग दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो. मधल्या वेळात माणसाला वाटते, काहीच झाले नाही, आणखी घेऊ. काकांनी नेमके हेच केले.

आजीची सहाण

मग आपल्या आज्या-पणज्या चुकत होत्या का? मला तसे वाटत नाही. त्यांचे माप वेगळे होते. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकायचे आणि जायफळ एक-दोन वळसे फिरवायचे. एका जायफळावर घरातली दोन-तीन पोरे मोठी होत. वळसा हे त्यांचे वजन-माप. त्यात काही मिलिग्रॅमच द्रव्य पोटात जाई. मिरिस्टिसिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते, म्हणून दुधात किंवा तुपात उगाळण्याची रीतही बिनकारणाची नव्हती. पुरणपोळीत, श्रीखंडात, बासुंदीत चिमूटभर जायफळ घालतात तेही याच मापाचे. जड जेवणानंतर ते पोटाला हलके वाटते आणि डोळ्यांवर थोडी पेंग येते, एवढेच.

बिघडले ते माप बदलल्यामुळे. सहाण कोपऱ्यात गेली, किसणी आणि मिक्सर आले. उगाळायचे ते किसून, दळून चमच्याने घेऊ लागलो. वस्तू तीच, पण वळशाच्या जागी चमचा आला.

एक गोष्ट मात्र जुन्या रीतीतली सोडावी लागेल, आणि हे मी घरातल्या बायाबापड्यांना हात जोडून सांगतो. तान्ह्या बाळाला गुटी देऊ नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळ झोपत नसेल तर त्याला दुखतेखुपते काय ते पाहा, डॉक्टरांना दाखवा. माझी आजी ही गुटी देत असे आणि तिचा हात फार हलका होता. पण सगळ्यांचे हात सारखे नसतात, आणि बाळाचे वजन तीन-चार किलोच असते.

आपल्या बागेसाठी

आता तुमच्या पत्रांची उत्तरे देतो.

१) बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी झाडे नर निघतात. नर झाडाला फळ नाही. आणि हे कळते कधी, तर सहा ते आठ वर्षांनी फुले आल्यावर! फिरत्या विक्रेत्याकडून 'मादी रोप' म्हणून घेतलेली रोपे पुढे नर निघाल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. पान बघून नर-मादी ओळखण्याचा भरवशाचा उपाय शेतावर नाही. म्हणून खात्रीच्या रोपवाटिकेतून मादी झाडाची कलमेच घ्या. कलमांना चार-पाच वर्षांत फळ धरू लागते.

२) परागीकरणासाठी दहा मादी झाडांमागे एक नर झाड पुरे होते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती आणि कोकण संयुक्ता या जाती दिल्या आहेत. कोकण संयुक्ता या जातीत नर आणि मादी फुले एकाच झाडावर येतात.

३) जायफळाला सावली, ओलावा आणि पाण्याचा निचरा लागतो. उघड्या माळावर ते करपते. नारळाच्या किंवा सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून घ्या. चार नारळांच्या मधोमध एक जायफळ, हे गणित चांगले जमते.

४) फळ झाडावर उकलले की काढा. जमिनीवर पडून राहिलेल्या फळाला बुरशी लागते. जायपत्री त्याच दिवशी अलगद सोडवून वेगळी वाळवा. बी हलवल्यावर कवचात खुळखुळ वाजले की वाळले असे समजा. चुलीवरच्या माळ्यावर किंवा वाळवणी यंत्रात वाळवाल तर ऊब ४० अंशांच्या आसपास ठेवा. जास्त तापवले तर तेल उडते, म्हणजे वास जातो आणि भावही जातो. अर्धवट वाळलेल्या मालात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. असा माल परदेशातून परत येतो.

५) जायपत्री विकत घेताना किंवा विकताना रानातल्या रामपत्रीची भेसळ नको. व्यापारात तिला बॉम्बे जायपत्री म्हणतात. रंगाला ती भुलवते, पण तिला वास नाही.

६) फळाची जाड साल फेकू नका. तिचे लोणचे, सरबत, कँडी चांगली होते. बचत गटातल्या भगिनींनी यात लक्ष घालावे.

७) सगळी भिस्त एका पिकावर ठेवू नका. २००४ च्या चक्रीवादळाने ग्रेनाडातली बहुतेक जायफळाची झाडे आडवी केली. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातली नारळ-सुपारी आणि त्यांच्याखालची जायफळाची झाडे एका दुपारीत मोडली. आठ वर्षे वाढवलेले झाड पुन्हा उभे करायला पुन्हा आठ वर्षे लागतात. मिरी, केळी, दालचिनी अशी जोड असली की घर चालते.

८) घरात जायफळाची पूड मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गरोदर बाईने औषध म्हणून जायफळ घेऊ नये. झोपेची, मनाच्या आजाराची किंवा हृदयाची औषधे चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. कोणी जास्त खाल्ले असेल आणि अजून काही झाले नसेल, तरी वाट पाहत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. किती खाल्ले आणि किती वाजता, ते डॉक्टरांना सांगा.

परवा काकांकडे पुन्हा जाऊन आलो. झोपेसाठी ते आता डॉक्टरांचे औषध घेतात. झाडे तोडायची का, असे त्यांच्या मुलाने मला विचारले. मी म्हटले, "अरे, झाडानं काय केलंय?" काकांनी ओटीच्या कोपऱ्यातली सहाण उचलून धुतली आणि देवघराशेजारी ठेवली. जाताना त्यांनी मला पिशवीभर फळांची साल दिली, लोणच्यासाठी.

तुमच्या बागेतल्या जायफळाचे अनुभव, बरे आणि वाईट दोन्ही, आम्हाला पत्राने जरूर कळवा. पुढच्या पत्रिकेत त्यांतली काही छापू.